गाय पान्हा चोरते, एका सडातून गाठी येतात, काय करावं?

ओवळेकर

नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडला ओवळ्यात बैठं घर आहे, घरच्या दुधापुरती एक गिर संकर गाय घेतली आहे. दुसरं वेत, व्यायला तीन आठवडे झालेत, खाली कालवड आहे. विकणाऱ्याच्या गोठ्यात एका वेळेला साडेतीन लिटर दूध समोर काढून दाखवलं होतं. इथे सकाळी जेमतेम दोन लिटर निघतं, संध्याकाळी दीड. पहिली दोन मिनिटं धार चांगली लागते, मग कास भरलेली असूनही सड कोरडे.

मागच्या डाव्या सडातून कालपासून पहिल्या धारांत बारीक पांढऱ्या गाठी येतात. कासेचा तेवढा भाग हाताला कोमट लागतो आणि तिथे हात गेला की लाथ बसते.

खायला पेंढा पोटभर, दिवसाला दोन किलो सरकी पेंड आणि शेजारच्या सोसायट्यांमधून येणारा भात, पोळ्या. श्रावण असल्यामुळे नैवेद्याची पानंही बरीच येतात. गोठा सिमेंटचा, 10 बाय 12 फूट, पावसामुळे ओल हटत नाही. धारेआधी पान्ह्याचं इंजेक्शन द्या असा सल्ला मिळाला आहे. द्यावं का?

पशुवैद्यक_मुरबाड

इंजेक्शन देऊ नका. ते ऑक्सिटोसिन, म्हणजे पान्हा उतरवणारं संप्रेरक असतं. रोज टोचलं तर गाय नंतर त्याशिवाय पान्हा सोडत नाही, दुखण्याचं मूळ मात्र तसंच राहतं. दूध वाढवण्यासाठी जनावराला अपाय होईल असं काही टोचणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 12 खाली गुन्हाही आहे.

आधी त्या सडाकडे बघा, कारण तुम्ही सांगता ती लक्षणं कासदाहाची, म्हणजे जंतूंमुळे कासेला येणाऱ्या सुजेची आहेत. आजच तपासून घ्या. अर्धा लिटर पाण्यात 15 ग्रॅम कपडे धुण्याची पावडर विरघळवा. चार वाट्या घेऊन प्रत्येक सडाचं दूध वेगळं काढा, प्रत्येकीत दुधाइतकंच हे पाणी घाला आणि वाटी अर्धा-एक मिनिट गोल फिरवत राहा. निरोगी सडाचं मिश्रण पातळ राहतं. चिकट, तार धरणारं झालं तर त्या सडाला कासदाह आहे. चारही तपासा, कारण गाठी दिसण्याच्या आधीपासून दुसऱ्या एखाद्या सडात तो लपलेला असू शकतो.

मग डॉक्टरांना बोलवा, सरकारी फिरत्या पथकासाठी 1962 ला फोन करा. सडात सोडायची ट्यूब दुकानातून आपल्या मनाने आणू नका. कोणतं औषध चालेल ते जंतूंवर ठरतं, आणि ट्यूबचं टोक न पुसता आत घातलं तर नवे जंतू आपणच आत ढकलतो. ट्यूब नेहमी सड पूर्ण रिकामा करून, टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसून मगच सोडायची. गाठी गेल्या म्हणून कोर्स मध्येच थांबवला तर आजार परत येतो आणि त्या भागाची कास कडक होऊन बसते.

डॉक्टर येईपर्यंत तो सड दिवसातून चार-पाच वेळा हलक्या हाताने रिकामा करा. ते दूध डब्यात काढून लांब खड्ड्यात टाका, गोठ्यात सांडू नका, कालवडीलाही पाजू नका. धारेला तो सड सगळ्यात शेवटी घ्या.

चरवी_आणि_दोरी

ओवळेकर दादा, डॉक्टरांनी आजाराचं सांगितलंच आहे, मी धारेचं सांगते. सड हाताळल्यावर मिनिटभरात पान्हा उतरतो आणि साधारण पाच ते सात मिनिटंच टिकतो. गाय घाबरली, तिला दुखलं किंवा समोर अनोळखी माणूस आला तर तो मध्येच थांबतो, मग कितीही ओढा. तुमच्या गायीला जागाही नवी, माणसंही नवी, त्यात सड दुखतोय. तिचं वागणं अगदी स्वाभाविक आहे.

वेळ पक्की ठेवा, सकाळी साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच, आणि महिनाभर एकाच माणसाने बसायचं. आधी कालवडीला तिन्ही चांगल्या सडांना थोडं थोडं तोंड लावू द्या, मग तिला आईच्या तोंडाजवळ बांधा म्हणजे गाय चाटत उभी राहील. कास कोमट पाण्याने धुवा आणि प्रत्येक सड वेगळ्या कोरड्या फडक्याने पुसा. एकच फडकं चारही सडांना फिरवलं की एकाचा आजार चौघांत जातो. पुसतानाच पान्हा उतरतो, त्यामुळे फडकं ठेवलं की लगेच बसायचं, चरवी शोधायला उठायचं नाही. पहिल्या तीन-चार धारा वाटीवर ताणलेल्या काळ्या कापडावर घ्या, गाठी त्यावर लगेच दिसतात.

धार मुठीने काढा. अंगठा आणि तर्जनीने सडाचा वरचा भाग आवळायचा, म्हणजे दूध परत वर जात नाही, मग एकेक बोट वरून खाली मिटत जायचं. सड खाली ओढायचा नाही. अंगठा आत दुमडून त्याच्या सांध्यावर सड दाबायची सवय खूप हातांना असते, तिने सडाला आतून इजा होते आणि कासदाहाला वाट मिळते. हाताला दूध किंवा थुंकी लावून धार काढणंही सोडा. हात कोरडा हवा.

लाथेसाठी काठी नको. मागच्या दोन्ही पायांना गुडघ्याच्या वर मऊ सुती दोरी आठच्या आकड्यात, दोन बोटं आत जातील इतकी सैल बांधा आणि धार झाली की लगेच सोडा. शेवटी चारही सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा. नंतर तिला अर्धा तास बसू देऊ नका, कारण सडाचं तोंड लगेच मिटत नाही. धार संपताच गव्हाणीत ताजा चारा टाकला की ती आपोआप उभी राहते.

एक तपासणी अजून. धार संपल्यावर कालवड सोडा. लगेच तिच्या तोंडाला फेस आला तर गायीने दूध चढवून ठेवलं होतं असं समजा. तिच्या वाट्याचं दूध मात्र तोडू नका. वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे 25 ते 30 किलोच्या कालवडीला दिवसाला अडीच-तीन लिटर लागतं. तुमचं साडेतीन आणि तिचं तीन धरलं तर गाय साडेसहा देते आहे, म्हणजे विकणाऱ्याने दाखवलेल्या आकड्याच्या जवळच आहात.

पेंढा_कुट्टी

मला सगळ्यात जास्त काळजी भात-पोळ्यांची वाटते. शिजलेलं पीठूळ अन्न पोटात भराभर आंबतं, आम्ल वाढतं, गाय रवंथ सोडते. शेण पातळ आणि आंबूस येतं, पुढे पाय धरतात, दूध पडतं. एका वेळी बादलीभर भात गेला तर गाय दगावूही शकते. फाटकावर पाटीच लावा: शिजलेलं अन्न नको, चारा किंवा मटारच्या शेंगांची सालं, कोबीची पानं द्या. नैवेद्याच्या पानावरची एखादी पोळी चालेल, पण पानासोबत प्लास्टिकची पिशवी, दोरा, टाचणी जाते का ते बघा.

आपल्याकडचा भाताचा पेंढा पोट भरतो, पोषण फारसं देत नाही. त्यात प्रथिनं कमी आणि ऑक्झलेट असल्यामुळे अंगातलं कॅल्शियमही अडकतं. साडेतीनशे किलोच्या, सहा लिटर देणाऱ्या गायीला रोज 15 ते 20 किलो हिरवा चारा, 4-5 किलो पेंढा कुट्टी करून, म्हणजे बारीक कापून, आणि खुराक अंगासाठी दीड किलो अधिक दर लिटर दुधामागे 400 ग्रॅम, म्हणजे साधारण चार किलो, दोन वेळांत विभागून. नुसती सरकी पेंड देऊ नका. मका भरडा, पेंड, गव्हाचा भुसा आणि डाळीची चुणी मिळून खुराक करा किंवा तयार पशुखाद्य घ्या. वर 50 ग्रॅम खनिज मिश्रण आणि 30 ग्रॅम मीठ. दोन किलोंवरून चारवर आठ-दहा दिवसांत हळूहळू जा. डोंगरावरचं पावसाळी गवत पाणचट असतं, ते कापून अर्धा दिवस सुकवून पेंढ्यात मिसळा. पाणी सदैव समोर हवं.

ओवळेकर

तपासणी केली. मागच्या डाव्याचं दूध चिकट झालं, बाकीची तीन पातळ. डॉक्टर संध्याकाळी येत आहेत. औषध चालू असताना उरलेल्या तीन सडांचं दूध घरात मुलांना चालेल का? आणि ओलीचं काय करू?

पशुवैद्यक_मुरबाड

नाही. एका सडात सोडलेलं औषध रक्तातून बाकीच्या सडांतही उतरतं आणि उकळल्याने जात नाही. ट्यूबवर दूध किती दिवस वापरू नये ते छापलेलं असतं, शेवटच्या मात्रेपासून तेवढे दिवस मोजा. त्यानंतरही दूध कच्चं पिऊ नका.

ओलीसाठी, जमिनीला दर चार फुटांमागे सव्वा इंच उतार आणि मागे फूटभर रुंद गटार असावं. शेण दिवसातून तीन वेळा उचला, धुतल्यावर खराट्याने पाणी ओढून काढा, बसायच्या जागेवर विरलेला चुना भुरभुरवा. रबरी चटई टाकलीत तर ती रोज उचलून खालूनही धुवा, घाण तिच्याखालीच साचते. पावसाळ्यात उंदरांच्या आणि गुरांच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, माणसालाही होणारा ताप) पसरतो, म्हणून गोठ्यात गमबूट घाला, पायाला जखम असेल तर उतरू नका, खुराक झाकणाच्या पिंपात ठेवा.

डॉक्टर येतील तेव्हा कानातला बारा अंकी बिल्ला आणि लसींच्या नोंदीही बघून घ्या: घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत, लम्पी. शहरी हद्दीत गुरं ठेवायला 1976 च्या कायद्याखाली परवाना लागू शकतो, महापालिकेत विचारून ठेवा. औषध संपल्यावर आठवड्याने चारही वाट्यांची तपासणी पुन्हा करा आणि निकाल इथे लिहा.