लूपर पेडल पेटीबरोबर वापरताना समेवर सूर पडतो, काय करावं?

विश्रामबागची_पेटी

नमस्कार मंडळी. मी सांगलीची. आमचं बारा बायकांचं भजनी मंडळ आहे, त्यात गेली अठरा वर्षं मी पेटी वाजवते आणि गातेही. आमचे तबलजी बदली होऊन पुण्याला गेले. नवं माणूस मिळेना, म्हणून भाच्यानं त्याचं गिटारचं एका बटणाचं लूपर पेडल आणून दिलं. एकदा दाबलं की ध्वनिमुद्रण सुरू, पुन्हा दाबलं की तेवढाच तुकडा गोल फिरत राहतो आणि त्यावर आपण आणखी थर चढवायचे. घरी बसून केलं तेव्हा मला फार आवडलं. टाळ, त्यावर पेटीचे सूर, आणि मग मी मोकळी होऊन गायले.

कोजागरीच्या कार्यक्रमात मात्र पार बिघडलं. मी मांडी घालून बसते, म्हणजे पाय मोकळा नाही. भजनी ठेक्याची दोन आवर्तनं, सोळा मात्रा, भरली आणि बंद करायला डावा हात भात्यावरून उचलून पेडलकडे नेला. तेवढ्यात भात्यातली हवा संपली आणि नेमका समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, सूर खाली बसला. तो बसलेला सूरच लूपमध्ये गेला. पुढची दहा मिनिटं दर सोळा मात्रांनी समेवर तोच खड्डा येत होता. बायका बिचाऱ्या सांभाळून घेत होत्या, मला रडू आवरत नव्हतं. दुसरं म्हणजे, शेवटी भजनाची लय चढते तशी ती चढलीच नाही. यंत्र आपल्या चालीनं चाललेलं, आम्ही पुढे ओढतोय.

माझे मिरजेचे गुरुजी म्हणाले, "हे बंद कर." मला बंद करायचं नाही, पण बरोबर कसं करायचं ते शिकायचंय. कुणी असं वाजवतं का?

कृष्णाकाठचा_डग्गा

ताई, मी तबला वाजवतो आणि एका कीर्तनकारांबरोबर चार वर्षं लूपर वापरतोय. तुमच्यावर आलं ते माझ्यावरही आलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी हाताचं. पेडल दाबण्याआधी दोन मात्रा भाता पूर्ण भरून घ्या. पेटीच्या आतल्या भात्यात साठलेली हवा काही सेकंद पुरते, पण एकच सूरपट्टी उघडी ठेवली तर. दोन-तीन स्टॉप (पेटीचे पुढचे खटके) उघडे असले की ती लगेच संपते. त्यापेक्षा चांगला उपाय म्हणजे जोडता येणारं वेगळं पायाचं बटण. ते उजव्या गुडघ्याखाली, सतरंजीवर ठेवा आणि गुडघा जरासा दाबा. मी तसंच करतो. तुमच्या पेडलला ते जोडायची सोय नसेल, तर पेटी स्टँडवर ठेवून खुर्चीत बसा. बैठकीचा आब जातो खरा, पण पाय मोकळा होतो.

आता दाबायचं कधी? सम ऐकू आल्यावर दाबलं तर उशीर झालेला असतो. सोळाव्या मात्रेनंतर टाळी जिथे पडणार, तिथेच बटण पडलं पाहिजे, समेबरोबर. हा उशीर प्रत्येक आवर्तनात मिसळतो आणि मात्रा लांब झाल्यासारखी वाटते. घरी रोज पंधरा मिनिटं फक्त तेवढंच करा. नुसती टाळी भरायची, बंद करायची आणि ऐकायचं. लूपर तुमची चूक परत परत ऐकवतो. माझ्या मते यासारखा लयीचा मास्तर नाही, आणि गुरुजींना हे दाखवलंत तर तेही ऐकून घेतील.

लय चढण्याबद्दल माझं मत ठाम आहे: तिथे लूपर वापरूच नका. काही महागडी यंत्रं सुराला धक्का न लावता वेग वाढवतात, पण भजनात लय कुणी ठरवून वाढवत नाही. सगळ्यांच्या गळ्यातून ती वर येते. अभंगाची सुरुवात लूपवर करा आणि टाळकऱ्यांचे हात जड पडायला लागले की लूप बंद करा. बहुतेक पेडलवर दोनदा पटकन दाबलं की थांबतं. बंद करताना बायकांना आधी डोळ्यांनी खूण करा.

सातारी_सहा_तारा

दादांनी सगळं सांगितलंय, एकच भर घालतो. पेटीला माइक लावून ते मिक्सरमधून पेडलला दिलंत ना? मग स्पीकरमधून आलेला जुना थरही माइकमध्ये शिरतो आणि प्रत्येक नव्या थराबरोबर पुन्हा रेकॉर्ड होतो. चौथ्या थराला नुसती खिचडी होते, नाहीतर शिटी वाजते. स्पीकर तुमच्या पुढे, लोकांकडे तोंड करून ठेवा आणि माइक पेटीच्या अगदी जवळ. थर तीनपेक्षा जास्त नकोतच.

बाकी हे काही नवं खूळ नाही. साठच्या दशकात अमेरिकी संगीतकार टेरी रायलीनं दोन टेप रेकॉर्डरांमधून एकच फीत फिरवून असे थर वाजवले होते. १९९४ मध्ये लेक्सिकॉन कंपनीनं जॅममॅन नावाचा लूपर आणला, त्यात मुळात ८ सेकंदच मावायचे. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत बरोब्बर सोळा मात्रा. म्हणजे तुमची दोन आवर्तनं त्या जुन्या यंत्रातही बसली असती!

खरजातला_सा

मिरजेहून. तानपुरा मात्र लूप करू नका ही विनंती. जवारीतून, म्हणजे तारेच्या झंकारातून, सूर फुलत जातो आणि पुढच्या तारेत मिसळतो. तुकडा कापला की ती शेपूट तुटते आणि शिवण ऐकू येते. घरी खरा तानपुरा असेल तर तोच लावा.

पेटीचंही तेच, शेवटचा सूर समेच्या पुढे थोडा वाहू द्या. काही पेडलना मुद्रण संपवल्यावर थेट थर चढवण्याच्या अवस्थेत जाता येतं. तसं ठेवलं तर सुराची शेपूट पहिल्या मात्रेवर चढते आणि सांधा बुजतो.

विश्रामबागची_पेटी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री गुडघ्याचा उपाय करून पाहिला. भाच्याकडे जुनं सुटं बटण पडलं होतं, ते माझ्या पेडलला जोडता आलं. सतरंजीची एक घडी त्याच्याखाली घातली, नाहीतर ते सरकत होतं. पहिली अकरा आवर्तनं चुकली. बारावं फिरलं तेव्हा समेवर खड्डा नव्हता. तसंच फिरत ठेवून मी अर्धा तास गायले.

गुरुवारी मिरजेला जातेय, पेडल पिशवीत घेऊन. गुरुजींसमोर नुसती टाळी भरून दाखवीन, बाकी काही नाही.