बीआरसीए२ सापडलंय, बहिणींची टेस्ट कुठली करायची? (मदत हवी आहे)

सायली_क: मावशीला ओव्हरीचा कॅन्सर, वय ५२. रिपोर्टमध्ये बीआरसीए२ आलंय. तिच्या दोन बहिणींची (त्यात माझी आई) टेस्ट लगेच करायची आहे. पूर्ण पॅनल (अनेक जनुकांची एकत्र तपासणी) की फक्त तेवढंच? डॉक्टरांची वेळ पुढच्या महिन्यातली आहे, तोवर थांबायचं नाहीये.

गुणसूत्र: बीआरसीए२ जनुक प्रत्येकाकडे असतं, ते बिघडलं तर स्तन-अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. त्यात बदल कुठला ते सांगा. नमुना रक्ताचा की गाठीचा? क्लास कितवा (१ निरुपद्रवी ते ५ घातक)? 'सी.'ने सुरू होणारी ओळ, म्हणजे बदलाची नेमकी जागा, काय आहे?

अण्णा_वाईकर: मावशींना ओलापॅरिब सुरू करा, बीआरसीएवाल्यांना चांगलं लागू पडतं.

सायली_क: औषधाचं विचारलं नाहीये अण्णा. गाठीचा ब्लॉक (फॉर्मालिन वापरून मेणात जपलेला तुकडा) पाठवला होता. क्लास ३ आहे. म्हणजे बहिणींना निम्मा धोका तर आहेच ना? रिपोर्ट भावाकडे आहे, ती ओळ नंतर टाकते.

गुणसूत्र: नाही! क्लास ३ म्हणजे पुरावा अपुरा. बदल घातक असण्याची शक्यता ५ ते ९५ टक्क्यांत कुठेही. आईत तो सापडला म्हणून अंडाशय काढायचं ठरत नाही, नाही सापडला म्हणून निर्धास्तही होता येत नाही. म्हणून बहिणींची टेस्ट आत्ता नको. जागतिक डेटाबेसमध्ये भारतीय नमुने कमी, म्हणून आपल्याकडे क्लास ३ जास्त निघतात. पुढे वर्ग बदलला तर तो बहुधा निरुपद्रवीकडेच जातो. आणि अण्णा, क्लास ३ ओलापॅरिबसाठी धरत नाहीत.

लॅबवाली: त्याआधी हा बदल जन्मजात आहे का तेच ठरलेलं नाही. गाठीत नव्याने झालेले बदलही त्या रिपोर्टमध्ये येतात. शिवाय फॉर्मालिनमधला डीएनए तुटका असतो, जनुकाचा मोठा तुकडाच गायब असेल तर तो निसटू शकतो. बदल जन्मजात आहे का ते कळायला मावशींचं रक्त द्या: जांभळ्या झाकणाची ईडीटीए ट्यूब, ३ ते ५ मिली, गोठवायची नाही. पॅनलसोबत एमएलपीए (असे गायब तुकडे शोधणारी तपासणी) मागा. नुकतं रक्त चढवलं असेल तर लॅबला आधी कळवा.

सह्याद्रीवारा: 'बहिणींची नको' हे सरसकट पटत नाही. घराण्यात बदल कुणाकुणात आहे यावरूनच तर क्लास बदलतो.

गुणसूत्र: निरोगी बहिणीवरून फारसं काही कळत नाही. बदल असूनही कॅन्सर न झालेल्या बायका असतातच. त्यासाठी कॅन्सर झालेले नातेवाईक लागतात, जितके दूरचे तितके उपयोगी.

पिंपळपान: घरपोच लाळेचं किट मिळतं की, त्यात स्कोअर येतो.

लॅबवाली: तो पॉलिजेनिक स्कोअर, म्हणजे डीएनएतल्या अनेक जागांच्या छोट्या छोट्या परिणामांची बेरीज. २०१९चा ३१३ जागांचा प्रसिद्ध स्कोअर स्तनाच्या कॅन्सरसाठी आहे, तोही युरोपीय वंशाच्या स्त्रियांच्या डेटावर बेतलेला. इथे त्याचं काम नाही.

सायली_क: आजोबांच्या बहिणीला स्तनाचा होता, पन्नाशीच्या आत. त्या आता नाहीत, मुलगी आहे. पण ती आईच्या वडिलांकडची बाजू, म्हणून लिहिलं नव्हतं.

गुणसूत्र: तीच बाजू महत्त्वाची! मावशी आणि आईचे वडील म्हणजे तुमचे आजोबा, बदल त्यांच्याकडूनही येऊ शकतो. त्या आजींचा जुना ब्लॉक रुग्णालयात मिळतो का बघा. मावशींच्या रक्तात क्लास ४ किंवा ५ निघाला, तर दोन्ही बहिणी आणि त्या आजींची मुलगी, तिघींची फक्त त्या एका जागेची सँगर टेस्ट पुरते, पॅनलपेक्षा खूप स्वस्त. काहीच निघालं नाही, तर बहिणींची तपासणी घराण्याच्या इतिहासावरून ठरवायची. परळच्या टाटामध्ये कॅन्सर जेनेटिक्स क्लिनिक आहे. जाताना तीन पिढ्यांचा तक्ता न्या, प्रत्येकापुढे अवयव आणि निदानाचं वय लिहून.