माय, तू जेवनी का? : मंडळीचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्यांचे अनुभव

सगळ्यांना सलाम.

मी नंदुरबारची. आमच्या मंडळीचं, म्हणजे चर्चचं, स्वयंपाकघर 19 वर्षं माझ्याकडे आहे. नाताळ, पुनरुत्थानाचा सण, हंगामाचा सण, लग्नं, मयतीनंतरचं जेवण, सगळं. एवढ्या वर्षांत उपदेश मी बहुतेक वेळा भिंतीपलीकडूनच ऐकला. त्याचं दुःख नाही, हे काम मी सेवा म्हणूनच घेतलं. पण गेल्या वर्षी संमेलनाच्या मांडवामागे भांडी घासत होते, तेव्हा दुसऱ्या गावची एक बाई शेजारी येऊन बसली, हातात राख घेतली आणि विचारलं, "माय, तू जेवनी का?" मला रडूच आलं. 19 वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

तेव्हापासून आम्ही जवळपासच्या मंडळ्यांतले रांधणारे दर तीन महिन्यांनी भेटतो. तुमचंही लिहा. काय बिघडलं, कोण धावून आलं, कुणी यायला हवं होतं.

नवापूर तालुक्यातून

ताई, आमच्या गावात मोठं जेवण आम्ही गडीमाणसंच रांधतो. हंगामाच्या सणाला लोक भात, तूर, भोपळे, कोंबड्या वेदीपुढे आणतात, मग लिलाव होतो आणि मग पंगत. नवापूरच्या तूरडाळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे डाळीत आमचं चुकणार नाही असा मला भरवसा होता. त्या वर्षी आलेली डाळ कमी पडली म्हणून दुकानातली त्यात मिसळली. गावची डाळ शिजून फुटली, दुकानातली टचटचीतच राहिली. तिच्यासाठी जाळ वाढवला आणि तळ लागला. बाहेर 600 माणसं बसलेली.

शेजारच्या गावचा एक काका पाहुणा म्हणून आला होता. त्याने माझ्या हातातला डाव काढून घेतला. "हलवू नको. तळाला हातच लावू नको." वरची डाळ अलगद दुसऱ्या तपेल्यात काढली, ती जाळीवर गाळून कच्चे दाणे वेगळे केले, कुकरला लावले. फोडणीत लसूण आणि लाल मिरची दुप्पट. करपल्याचा वास कुणालाच आला नाही. काकाने सणाचे नवे कपडे घातले होते, शर्टाला हळदीचे डाग पडले. तेव्हापासून आमच्या पंगतीच्या आदल्या दिवशी तो येतो, त्यांच्या पंगतीला मी जातो.

भुसावळहून

मे महिन्यातलं लग्न, पारा 45 च्या पुढे, आणि जेवायला वरण-बट्टी. बट्टीचं पीठ जाडसर, मोहन कडकडीत, ओवा, हळद. आधी उकडायची, मग कापून तळायची. म्हणजे दोनदा चुलीपुढे. माझ्या जोडीची मावशी कढईपाशीच घेरी येऊन बसली. नशीब, मागे पडली.

आता आमच्यात ठरलं आहे, कढईपुढे एका माणसाने अर्ध्या तासावर थांबायचं नाही आणि मीठ-साखर-लिंबाचं पाणी चुलीजवळ भरलेलं असायचं. उन्हाळ्यात उकडण्याचं काम पहाटे चारला. हे पाळायला पुरेशी माणसं लागतात, आणि ती शेजारच्या मंडळीतून येतात. मावशी बरी आहे. आता बसून वांगी चिरते.

धुळ्याहून

आम्ही एक वही केली आहे. कोणत्या मंडळीकडे किती तपेली, पराती, झारे, कुणाला कधी दिले. एवढंच. भाड्याचे पैसे वाचले, त्यातून दोन बायकांच्या चष्म्यांचा खर्च निघाला.

चोपड्याहून

मी पाळकाची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूची, बायको. साहेबांची बदली झाली की गाव नवं, चूल नवी, आणि पहिल्याच रविवारी "पाळकीणबाई, चहाचं तुम्ही बघाल ना?" एका गावी मी तापाने फणफणले होते तरी 80 जणांचा स्वयंपाक केला, कारण नाही म्हणायचं कुणाला हेच कळत नव्हतं.

बायबलात लूकच्या 10 व्या अध्यायात मार्था आहे, येशू घरी आला तरी ती कामातच गुंतून राहते आणि तो तिला टोकतो. तिच्यावर उपदेश झाला की मला मान वर करवत नसे. आमच्या भेटीत एका ताईंनी बायबलातला योहानाचा 21 वा अध्याय वाचला. पुनरुत्थित प्रभूने स्वतः कोळसे पेटवले, मासळी आणि भाकर तयार ठेवली आणि थकून आलेल्या शिष्यांना म्हटलं, "या, न्याहारी करा." रात्रभर जाळं ओढलेल्यांना त्याने आधी खाऊ घातलं, पेत्राशी बोलणं त्यानंतर. त्या दिवशी आम्हीही प्रार्थनेआधी जेवलो. तरुण संघाच्या मुलांनी वाढलं.

जळगावहून

मी वयाने लहान, हिशेब बघतो. दोन गोष्टी सांगतो. धार्मिक कार्यक्रमात अन्न वाटणाऱ्यांनाही अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते, हे आमच्या पंचांना ठाऊकच नव्हतं. आणि भात. सकाळी शिजवून दुपारपर्यंत झाकून कोमट ठेवला तर त्यात वाढणाऱ्या जंतूंचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. दोन तासांत वाढायचा, नाहीतर वाफाळता ठेवायचा. एकदा आमच्याकडे लेकरांना उलट्या झाल्या. रांधणाऱ्या काकूंना लोक नको ते बोलले, त्यांनी येणंच सोडलं. उपासना लांबली होती, चूक एकट्या त्यांची कशी? ताई, तुमच्यापैकी कुणी त्यांच्या घरी याल का? माझं त्या ऐकणार नाहीत.

नंदुरबारहून पुन्हा

दादा, मी येते. शनिवारी सकाळच्या गाडीने. चोपड्याच्या पाळकीणबाईंनाही घेऊ या. काकूंना आधी काही सांगू नका, डबा मी आणते.