जॉन फोर्डला आता माळ्यावर टाका!

रिकामटेकडा: काल हॉलिवूडचा दिग्दर्शक जॉन फोर्डचा 'द सर्चर्स' (१९५६) हा वेस्टर्न, म्हणजे घोडे-बंदुकांचा काउबॉयपट, पाहिला. अमेरिकेचे मूळ रहिवासी फक्त गोळ्या खायला. त्यांच्यातल्या कोमांची जमातीचा सरदार झालाय जर्मनीत जन्मलेला हेन्री ब्रँडन, तोंड रंगवून! एवढं डोक्यावर घेण्यासारखं काय आहे? फोर्डला माळ्यावर टाका.

खडूसकाका: लिहिणार नव्हतो, पण राहवेना. शेवटपर्यंत पाहिलात, की मोबाइलवर पुढे ढकलत? नायक ईथन (जॉन वेन) मेलेल्या कोमांचीच्या डोळ्यांवर गोळ्या झाडतो, परलोकातही त्याला वाट सापडू नये म्हणून. शेवटी सगळे घरात जातात, हा उंबऱ्याबाहेर, आणि दार बंद. हे कौतुक वाटतं तुम्हाला? फोर्डच्याच 'फोर्ट अपाची'त (१९४८) तर कर्नलच्या हट्टापायी तुकडी मरते. चूक अपाची सरदार कोचीसची नाहीच.

रिकामटेकडा: आणि शेवटी जॉन वेन पत्रकारांसमोर त्याच कर्नलचे गोडवे गातो, ते सोयीस्कर विसरलात!

दुधावरचीसाय: काकांचं पटतं, पण अपाची असो नाहीतर कोमांची, पडद्यावर उभे बहुतेक नावाहो जमातीचेच लोक. शूटिंगची जागा मॉन्युमेंट व्हॅली, त्यांच्याच भागात ना! युटा-ॲरिझोनाच्या सीमेवरची जागा टेक्सास म्हणून खपवली. बाकी मी फिल्म सोसायटीत मोठ्या पडद्यावर पाहिलाय. मोबाइलवर ते सुळके म्हणजे अंगठ्याएवढे खडे.

पनवेलचा_पाहुणा: 'शोले'तली रेल्वेवरची मारामारी मला तर फोर्डच्या 'स्टेजकोच'वरूनच (१९३९) घेतल्यासारखी वाटते. आमच्या पनवेलजवळ शूटिंग झालं, आजोबा बघायला गेले होते.

खडूसकाका: ठाकूरच्या कुटुंबाचं हत्याकांड बघा, सरळ इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनी. १९६८चा 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'. फोर्डचा काय संबंध?

पनवेलचा_पाहुणा: मी रेल्वेचं बोलतोय, तुम्ही ठाकूरचं! घोड्यावरून पाठलाग, आत अडकलेली माणसं, अजून काय पाहिजे? आजोबा तिथे होते, तुम्ही होता का?

खडूसकाका: आजोबांनी घोडे पाहिले असतील. घोडे काय फोर्डच्या तबेल्यातून आले होते?

पनवेलचा_पाहुणा: आजोबांवर जायचं काम नाही हं.

दुधावरचीसाय: अहो, मूळ प्रश्न काय होता? जपानी दिग्दर्शक कुरोसावा फोर्डला मानायचा, एवढं तरी कुणी लिहा. दिग्दर्शनाची चार ऑस्कर, त्यात वेस्टर्न एकही नाही. 'ग्रेप्स ऑफ रॉथ' त्याचाच.

रिकामटेकडा: बरं बाई, ते दार मान्य. दाराला दहापैकी दहा, ब्रँडनच्या मेकअपला शून्य. आणि 'शोले'वाल्यांनी वेगळा धागा काढा.

पनवेलचा_पाहुणा: काढतो. काका, तिकडे या.