मुंबईत गोवंडीच्या वस्तीत चर्चच्या गटाची भेट

या भेटीसाठी कुणीतरी 'तीस जण, बायबल, बिस्किटं, जुने कपडे आणि आरोग्य शिबिर, सगळं एकाच दिवशी' असा बेत मांडलाय. तीस जण नकोत. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटावं लागेल अशा गल्ल्या आहेत. सहा-सहाचे गट करा, प्रत्येकात एक वस्तीतली ताई हवीच. पाणी येण्याच्या वेळा तिलाच ठाऊक असतात. हंडे भरायच्या वेळी दार ठोठावलंत तर कोण बोलणार?

शिबिराचं गणित सोपं आहे. एका रुग्णाला चार मिनिटं धरली तर चार तासांत एक डॉक्टर साठ जणांना पाहतो. म्हणून साठच टोकन, तेही आदल्या संध्याकाळी. बीपीच्या पाच दिवसांच्या गोळ्या वाटून पाठ फिरवू नका. गोळ्यांचं पाकीट संपलं की उपचार तुटतो. चिठ्ठी लिहून पालिकेच्या दवाखान्यात पाठवा. दोन आठवड्यांहून जुना खोकला दिसला की टीबीसाठी थुंकीच्या तपासणीला, ती तिथे मोफत होते. जंताची गोळी देण्याआधी विचारा, अंगणवाडीत आणि शाळेत ती मिळालेली असते.

परदेशी पाहुण्यांनी टुरिस्ट व्हिसावर धर्मप्रचार करायचा नाही. त्यासाठी मिशनरी व्हिसा वेगळा असतो. प्रार्थना आणि औषधं एका टेबलावर तर मुळीच नकोत, गोळीच्या बदल्यात धर्म असा अर्थ लगेच निघतो, आणि तो काढणाऱ्याला दोष देता येत नाही.

जुने कपडे? सरळ वगळा.