एमएनडी (स्नायू हलवणाऱ्या पेशी मरत जाण्याचा आजार): मनगटाला व्हायब्रेटर लावून चालणारं बीसीआय (मेंदूच्या लहरींवरून चालणारं यंत्र), कोणी वापरलंय का?

काठावरची:
बाबांना एएलएस (एमएनडीचाच प्रकार) आहे, ट्रॅकिओस्टॉमी (गळ्यातून श्वासाची नळी) झालीये, हातपाय आणि बोलणं सगळं गेलंय. आत्तापर्यंत अक्षरांच्या पाटीवर डोळ्यांनी बोलायचे पण हल्ली नजर एका जागी ठरत नाही, आय ट्रॅकर म्हणजे नजर टिपणारं यंत्र, ते त्यांच्या डोळ्यांशी जुळवूनच घेता येईना. एका विक्रेत्याने फोनवर सांगितलं की मनगटाला व्हायब्रेटर आणि डोक्याला टोपी लावली की "मनातलं वाचता येतं". किंमत ऐकून आईने फोनच ठेवला. यात तथ्य आहे का? आणि मुळात बाबांना स्पर्श कळत असेल का?

खटपट्या:
ताई, स्पर्श बहुतेक पेशंटना कळतो, या आजारात मुख्यतः स्नायू हलवणाऱ्या पेशी जातात. मनातलं वगैरे काही वाचत नाहीत हो. दोन्ही मनगटांवर एकेक व्हायब्रेटर, तिसरा पाठीवर किंवा खांद्यावर. तिसरा सारखा गुरगुरतो, मनगटावरचे मधूनच. "हो" असेल तर उजव्या व्हायब्रेटरचे ठोके मनात मोजायचे, "नाही" असेल तर डावीकडचे. मोजत असलेला ठोका आला की साधारण ३०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या लहरीत उंचवटा येतो, त्याला पी-३०० म्हणतात. १९८८ मध्ये फारवेल आणि डोन्चिननी पडद्यावर अक्षरं चमकवून हेच केलं होतं, इथे डोळ्यांऐवजी कातडी एवढाच फरक. पण एका ठोक्यात तो उंचवटा दिसत नाही, ईईजीत (टोपीने टिपलेल्या मेंदूच्या लहरींत) गोंगाट फार, म्हणून बरेच ठोके देऊन सरासरी काढावी लागते आणि एकेका हो-नाहीला वेळ जातो.

रातपाळी:
२०१३ मध्ये जर्मनीत एका लॉक्ड-इन (शुद्ध आहे पण डोळ्यांशिवाय जवळपास काहीच हलत नाही अशा) पेशंटवर नजर, आवाज आणि स्पर्श तिन्ही करून पाहिले, त्यात स्पर्श सरस ठरला. पण पेशंट एकच हं. आणि या क्षेत्रात जपून राहा, पूर्ण लॉक्ड-इन (डोळेही हलत नाहीत अशा) एएलएस पेशंटकडून मेंदूतल्या रक्तप्रवाहावरून हो-नाही मिळवल्याचा २०१७ चा गाजलेला पेपर २०१९ मध्ये मागे घेतला गेला. २०२२ मध्ये अशाच एका पेशंटने खरंच वाक्यं लिहिली, पण त्याच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवले होते, तरी मिनिटाला साधारण एक अक्षर.

खटपट्या:
+१. विक्रेत्याला म्हणावं आधी घरी येऊन दाखव. ज्यांची उत्तरं तुम्हाला पक्की माहीत आहेत असे २० हो-नाहीचे प्रश्न विचारा (गाव अमुकच का, थोरला भाऊ तमुकच का), बाबांना बरं वाटत असेल त्या वेळी. १०-१२ बरोबर आले तर नाणं उडवल्यासारखंच आहे. व्हेंटिलेटर चालू ठेवूनच करा कारण त्याचा इलेक्ट्रिकल गोंगाट टोपीत शिरतो, ऑफिसातल्या डेमोत ते कळत नाही. आणि जेलची टोपी असेल तर रोज केस कोण धुणार तेही बघा.

सांगलीची मावशी:
तोपर्यंत पाटी सोडू नकोस गं. नजर ठरत नसेल तर तूच मोठ्याने म्हण, क ओळ, च ओळ, ट ओळ, आणि हवी ती ओळ आली की त्यांनी पापणी मिटायची किंवा डोळे वर करायचे, मग ओळीतलं अक्षर तसंच. आमच्या ह्यांचं शेवटपर्यंत यावरच चाललं, शिव्यासुद्धा घालायचे.

काठावरची:
मावशी :) डोळे वर करणं जमतंय अजून त्यांना. आज संध्याकाळी ओळींचं करून बघते. विक्रेत्याला २० प्रश्नांचं कळवलंय, म्हणाला वरिष्ठांना विचारून सांगतो.