थवा उडवून फोटो काढणं, चालतं का?

तापीकाठी
मागच्या रविवारी आम्ही सात-आठ जण रात्रीच्या गाडीनं सुरतला गेलो, तिथून डुमसच्या समुद्रकिनारी. आपल्या तापीचं सासर एकदा बघून यावं म्हणून. भरतीची वेळ होती. पाणी चढून चिखल झाकला गेला की चिखले, तुतवार असे चिखलात चरणारे सगळे पक्षी उरलेल्या वाळूवर दाटीनं बसतात, एका पायावर, चोच पाठीत खुपसून. ओहोटी लागेपर्यंत तेवढाच त्यांचा आराम. तर आमच्यातला एक जण मोठी लेन्स घेऊन त्यांच्या अंगावर पळतच सुटला, मुद्दाम, थवा उडावा म्हणून. थवा उडाला, फिरून बसला, हा परत पळाला. असं पाच वेळा. मी बोललो तर भांडण झालं आणि येताना उधन्यापासून नंदुरबारपर्यंत कोणी कोणाशी बोललं नाही. मला तरी हे चूक वाटतं. तुम्हाला?

लेन्सवाला_जळगाव
तो पळणारा मीच. आता सगळं सांगा ना. त्याच वाळूवर पोरं पळू राहिली होती, दोन कुत्रे थव्यात घुसले, एकानं मोटारसायकल नेली, त्यांना कोणी काही बोललं नाही आणि मी पाच वेळा पळालो तर गुन्हेगार? आणि माझे फोटो बघून ऑफिसातले तिघं जण हतनूर धरणावर पक्षी बघायला यायला लागले, ज्यांना बगळा आणि बदक सोडून पक्षी माहीत नव्हता. नुसत्या दुर्बिणीनं कोणाला गोडी लागते हो?

रावेरची_लेक
दादा, कुत्र्याला कळत नाही, तुम्हाला कळतं, एवढाच फरक आहे. हे पक्षी मार्च-एप्रिलमध्ये उत्तरेकडे निघतात, त्याआधी अंगावर चरबी चढवतात, तीच त्यांची शिदोरी. २०२२ मध्ये पाच महिन्यांचं गॉडविट नावाच्या अशाच किनाऱ्यावरच्या पक्ष्याचं एक पिल्लू अलास्कातून टास्मानियाला ११ दिवसांत न थांबता गेलं, १३,५६० किलोमीटर, सगळं त्या चरबीवर. डुमसचे चिखले एवढे लांब जात नसतील, पण हिशोब तोच. प्रत्येक उड्डाणात शिदोरीतली एक भाकर जाते, आणि तुम्ही पाच खाल्ल्या.

नाना_शहादेकर
समुद्राचं आम्हाला काय कळत नाही, पण रानपिंगळ्याचं, म्हणजे जंगलातल्या छोट्या घुबडाचं सांगतो. १८८४ नंतर हा पक्षी कोणाला खात्रीनं दिसलाच नव्हता, संपला म्हणून धरून चालले होते, आणि नोव्हेंबर १९९७ ला अमेरिकेहून आलेल्या पक्षीतज्ज्ञांना तो आमच्या शहाद्याजवळ सापडला. ११३ वर्षं लपून राहिला तो ह्या मोबाइलवाल्यांच्या तावडीत सापडला पहा. सागाखाली उभे राहून त्याचाच आवाज स्पीकरवर लावतात, त्याला वाटतं दुसरा नर हद्दीत शिरला, बिचारा भांडायला समोर येतो आणि हे फटाफट फोटो काढतात. दिवसातून चार पार्ट्या आल्या तर त्यानं पोट कधी भरायचं?

लेन्सवाला_जळगाव
नाना, स्पीकर मी लावत नाही, ते माझ्या नावावर टाकू नका. आणि तो पिंगळा तोच आहे हे जगाला पटलं ते फोटो आणि व्हिडिओ होते म्हणूनच ना? अभ्यासक ओळखीसाठी पक्ष्यांच्या पायात घालतात त्या रिंगा, रंगीत पट्ट्या वाचायच्या तरी फोटोच लागतो. उद्या फोटोवाले गेले तर पुरावा कोण देईल?

रावेरची_लेक
पुराव्याचं एकदम मान्य. पण रिंग वाचायला पक्षी उभा पाहिजे ना दादा, उडवलेल्या थव्यात पाय पोटाशी असतात.

भरीत_पुरी
मी डुमसला टमाट्याच्या भज्यांसाठी गेलो होतो, पक्ष्यांतलं मला घंटा कळत नाही, पण भो राग येऊ देऊ नको, तुझे परवाचे फोटो पाहिले, सगळ्यांच्या शेपट्याच आहेत. साहजिक आहे, माणूस मागे लागला तर कोण तोंड दाखवून पळतं 😂

तापीकाठी
हेच मी वाळूवर ओरडून सांगत होतो. भरतीच्या दोन तास आधी जायचं, सूर्य पाठीशी घेऊन वाळूवर पालथं पडायचं आणि हलायचं नाही. पाणीच त्यांना ढकलत तुझ्याकडे आणतं. कपडे चिखलात जातात, घरी बोलणी बसतात, पण डोळ्यातली चमक येते फोटोत.
अजून एक, भांडणात राहून गेलं. तू एप्रिल-मेमध्ये नावाड्याला सांगून तापीतल्या वाळूच्या बेटावर उतरणार आहेस म्हणे. नदी सुरय हा पक्षी उघड्या वाळूत अंडी घालतो, ना काडी ना गवत. आपलं ऊन तुला माहीत आहे, ४४-४५. आईबाप अंड्यांवर सावली धरून बसतात, तू उतरलास की ते वर घिरट्या घालणार आणि खाली अंडी भाजणार. हे नुसतं चूक नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्या-घरट्यांना त्रास देणं येतं.

लेन्सवाला_जळगाव
डुमसचं मी अजून शंभर टक्के मानत नाही, मोटारसायकलवाल्याला तुम्ही कोणीच अडवलं नाही हे लक्षात ठेवा. अंड्यांचं मात्र डोक्यातच आलं नव्हतं राव. नावाड्याला आजच नाही सांगतो. पण मग काठावरून तेवढ्या लांबचं माझ्या लेन्सनं येणार नाही. कोणाकडे १.४ चा टेलिकन्व्हर्टर आहे का, लेन्सला लावून लांबचं जवळ आणणारा? भाड्यानं पण चालेल.